सिंदेवाहीचे क्लिक

आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत जाहिरात म्हणजे मालकाचा फोटो. दुकान कापडाचं असो, बोअरवेलचं असो की लग्नातली भांडी भाड्यानं देण्याचं, एका कोपऱ्यात गॉगल लावलेला मालक, दुसऱ्या कोपऱ्यात त्याचे स्वर्गवासी वडील, आणि मध्ये जागा उरलीच तर माल. मी नागपुरात सहा वर्षं फोनवरच्या जाहिराती चालवायची नोकरी केली आणि मग नवऱ्याच्या बदलीपायी वडशाला आले. वाटलं होतं, इथं चार लोकांना शहाणं करू. शहाणं करायला निघालेल्या माणसाइतकं बह्याड दुसरं कोणी नसतं. हे तेव्हा मला कुणी सांगितलं असतं, तर मी त्यालाच धडे दिले असते.

वडसा हे नाटकांचं गाव. दिवाळी झाली की झाडीतल्या गावागावांत मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडईला ज्या गावात नाटक नाही त्या गावाला आजूबाजूचे लोक वर्षभर टोमणे मारतात. ही नाटकं करणाऱ्या कंपन्यांची ऑफिसं वडशाला एकाच रस्त्यावर समोरासमोर ओळीनं आहेत. ऑफिस म्हणजे एक शटर, एक टेबल, भिंतभर पोस्टरं आणि कोपऱ्यात खर्र्याच्या पिचकाऱ्या. गावचं मंडळ टेम्पो करून येतं, ओळीतून फिरतं, चहा सगळ्यांकडे पितं आणि नाटक एकाचं घेतं.

त्यातल्याच एका कंपनीचे मालक गणपती उठल्यावर माझ्या दारात आले. पांढरा शर्ट, खिशात तीन पेन. त्यातलं एकही चालत नाही हे मला पुढे कळलं.

"मॅडम, समोरच्या कंपनीनं फोनवर जाहिरात टाकली. आमाले बी पायजे. त्याच्याहून मोठी."

"भाऊ, फोनवर मोठी-लहान नसते."

"काऊन नसते? जास्त पैसे देले तर मोठी नाई करून देत?"

मी त्यांना बसवून समजावलं. कुणी फोनवर 'नाटक बुकिंग वडसा' असं शोधलं की वरती आपली जाहिरात दिसते. नुसती पाहिली तर फुकट. पण तिच्यावर बोट लावून कुणी आत आलं, म्हणजे क्लिक केलं, की आपले पैसे कापले जातात. रोजची एक रक्कम ठरवून ठेवायची. ती संपली की त्या दिवसापुरती जाहिरात गायब.

"म्हंजे त्यानं बोट लावलं का आपले पैसे गेले?"

"हो."

"अन् नाटक नाई घेतलं तरी?"

"तरी."

"ही तं लूट हाये, मॅडम," ते म्हणाले. त्या माणसाच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं अक्कलेचं वाक्य. लगेच त्यांनी खिशातून स्वतःचा फोटो काढला, गॉगल लावलेला, आणि म्हणाले, "हा टाका." अर्धा तास वाद घातल्यावर ते हिरोईनच्या फोटोवर तयार झाले, पण जाताना दारातून पुन्हा म्हणालेच, "कोपऱ्यात तरी?"

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बाई आल्या. बाई म्हणजे हिरोईन, कंपनीत सगळे तिला बाईच म्हणत. चाळिशी उलटलेली, आणि स्टेजवर अजून कॉलेजातली पोरगी. पिशवीत दोन साड्या, चेहऱ्यावर पावडरचा थर. मी मनात नाक मुरडलंच, खोटं कशाला बोलू. शेजारच्यांच्या नव्या रंगवलेल्या भिंतीपुढे उभं करून मी तिचे फोटो काढले. फोटोत मात्र ती अशी काही उभी राहिली की मला दोनदा पाहावं लागलं.

फोटो झाल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, "मॅडम, हे माह्या गावात दिसन का?"

"कुठलं गाव?"

तिनं सांगितलं. मूल तालुक्यातलं, जंगलाच्या पोटातलं, मोठ्या तलावाच्या काठचं. बाप त्या तलावात मासे मारायचा. ही एकोणिसाव्या वर्षी नाटकात गेली तेव्हापासून मोठा भाऊ तिच्याशी बोलत नाही. भाऊ गावच्या मंडळात आहे, आणि हिची कंपनी त्यानं कधी गावात येऊ दिली नाही.

"बावीस वर्षं झाले मी काम करून राह्यली. साऱ्या झाडीनं मले पाह्यलं. माह्या मायनं नाई पाह्यलं," ती म्हणाली. "आता तिची कंबर गेली. गावातल्या गावात खाटेवर उचलून आणतीन लोक, बाहेरगावी नाई नेता येत. यंदा गावानं आमचं नाटक घेतलं तं पाह्यन. नाई तं मंग राह्यलंच समजा."

हे तिनं रडून-बिडून सांगितलं नाही. भाव विचारावा तसं सांगितलं. मला आतून हललं, आणि हललं म्हणूनच मी जास्त तोऱ्यात बोलले, "बाई, तुमच्या गावात दिसलंच पाहिजे. जाहिरात कुठं दिसावी त्या यादीत मूल तालुका मी घेतलेलाच आहे. काळजी सोडा."

"माह्या फोनात नेट नाई," बटणांचा फोन दाखवत ती म्हणाली. "मी तुमालेच विचारत जाईन."

जाहिरात सुरू झाली आणि पहिल्याच आठवड्यात महाराष्ट्राच्या शोधबुद्धीचं दर्शन घडलं. 'नाटक' शब्दावर यायचे शाळामास्तर, गॅदरिंगसाठी फुकटची एकांकिका शोधत. 'ड्रामा' शब्दावर तर ब्रह्मपुरीच्या कॉलेजातल्या पोरी आल्या, कोरियातल्या मालिका बघायला. झाडीतल्या नाटकाची हिरोईन पाहून त्या पोरींनी काय तोंडं केली असतील ती करोत, पैसे आमचे कापले गेले. मी एकेक शब्द बंद करत गेले. कोरियन नको, पीडीएफ नको, शाळा नको, फुकट तर मुळीच नको.

ते निस्तरलं तर नवंच पुढे आलं. दिवसाची रक्कम सकाळी नऊलाच खलास! सातला सुरू झालेली जाहिरात नऊला गायब. आणि गावातली मंडळं काय सकाळी नऊच्या आत नाटक बुक करतात? मी क्लिक कुठून आले ते काढलं. सगळे वडशातले. म्हटलं, झालं, समोरची कंपनी बोटं लावून आपले पैसे जाळते आहे. असं करणारे लोक नागपुरात मी पाहिलेले होते.

तावातावानं ऑफिसात गेले. आत तालीम चालू होती. मालकांना सांगितलं, "भाऊ, कोणीतरी रोज सकाळी मुद्दाम आपल्या जाहिरातीवर बोट लावतं."

मालकांचा चेहरा उजळला. "हाव, लावतेत नं! म्याच सांगतलं सगळ्यायले."

त्यांनी फोन काढून कंपनीच्या ग्रुपवरचा स्वतःचा मेसेज दाखवला. सर्व कलाकार बंधू-भगिनींनी रोज सकाळी आंघोळ करून आपल्या जाहिरातीला बोट लावावं, आणि जो लावणार नाही त्याचं नाव मॅडमच्या कॉम्प्युटरात दिसते.

मी कपाळावर हात मारला. "कशासाठी पण?"

"बोहनी, मॅडम! बोहनी झाल्याबिगर दुकान कोणी चालवते का?"

ऑर्गनवाला मागून अभिमानानं म्हणाला, "मी तं तीनदा लावतो. एकदानं त्याले कळत नाई." खलनायक, जो स्टेजवर मिशीला पीळ देऊन अख्ख्या गावाला जाळायच्या गोष्टी करतो, तो हात मागे बांधून उभा. "मी एकदाच लावतो, मॅडम. पण घरवालीच्या फोनवरून बी लावतो. साळा आला होता, त्याच्याबी."

"आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात," मी ओरडले, "इथं दळणारेच बसून पीठ खाऊन राहिलेत! तुमच्या एकेका बोहनीपायी एकेक खरं गिऱ्हाईक जातं, कळतं का काही?"

त्यांना कळलं नाही. पण मी फार रागावले एवढं कळलं, आणि ते पुरेसं होतं. दुसऱ्या दिवसापासून बोटं थांबली. मालकांनी मात्र ऑफिसातल्या पोस्टरला सकाळी बोट लावून नमस्कार करायला सुरुवात केली. तिथे माझं काही म्हणणं नव्हतं.

आता जाहिरात दिवसभर टिकायला लागली. आरमोरीहून फोन आला, कुरखेड्याहून आला. आणि बाईंचा बटणांच्या फोनवरून रोज यायचा, सकाळी दहाच्या सुमाराला.

"माह्या गावचं काही, मॅडम?"

मी मूल तालुका उघडून बघायची. कधी एक क्लिक, कधी तोही नाही, आणि तो मूल शहरातला. पहिले चार दिवस मी नीट बोलले. पाचव्या दिवशी कंटाळून म्हणाले, "बाई, तुमच्या मूलकडून पाखरूही फिरकत नाही. तुमच्या गावच्या लोकांना फोन फक्त गाणी वाजवायला पाहिजे असेल."

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा केला.

त्याच दिवसांत सिंदेवाहीचं सुरू झालं. रोज संध्याकाळी सहा ते आठ, सिंदेवाहीकडून क्लिक. पंचवीस, तीस, एखाद्या दिवशी त्याहून जास्त. तीच माणसं पुन्हा पुन्हा येत आहेत हेही दिसत होतं. यायचं, पान उघडायचं, बाईंचा फोटो बघायचा, जायचं. दहा मिनिटांनी परत हजर. आणि एवढ्या क्लिकांत एकही फोन नाही! पानावर नंबर एवढा ठळक लिहिलेला की आंधळ्याला दिसावा. संध्याकाळी आठनंतरची आमची जाहिरात पुन्हा मरायला लागली.

मी चौकशी केली. समोरच्या कंपनीच्या मालकाच्या भाच्याचं सिंदेवाहीत मोबाइलचं दुकान होतं. बस्स. आणखी काय पुरावा पाहिजे? दुकानात दहा-वीस फोन पडलेले असतात, संध्याकाळी गिऱ्हाईक कमी झालं की बसायचं मामाच्या वैऱ्याचे पैसे जाळत. डोळ्यांपुढे चित्रच उभं राहिलं. त्या भाच्याला मी कधी पाहिलं नव्हतं, पण त्याचं हसणंसुद्धा मला दिसलं.

मालकांना सांगितलं तर ते डोकं खाजवत म्हणाले, "मॅडम, लोक पाहून राह्यले असतीन."

"तीस-तीसदा? रोज? आणि फोन एक नाही?"

"आमच्या इथी पोट्टी पाहाले जाते तं पंधरा जण जाते, मॅडम. एकटा कोणी पाहून येते का कधी? अन् घरी येऊन पुन्हा इचारते, नाक कसं होतं."

मी हसले. चांगली तोंडावर हसले. "भाऊ, हे पोरगी बघणं नाही, धंदा आहे. तुम्ही नाटकाचं बघा, आकड्यांचं मला बघू द्या." त्यांनी मान हलवली. मला फार बरं वाटलं.

त्याच दुपारी मी सिंदेवाही बंद केली. एका बटणाचं काम. त्या शहरात आणि आजूबाजूला आमची जाहिरात दिसणार नाही, म्हणजे दिसणारच नाही. संध्याकाळी सहा वाजता कॉम्प्युटरपुढे बसले आणि शून्य बघून टाळी वाजवली. नवरा आतून विचारत होता काय झालं. म्हटलं, चोर पकडला!

आणि खरंच, धंदा वाढला. वाचलेले पैसे दुसरीकडे लागले, फोन वाढले, मालकांच्या डायरीत तारखा भरायला लागल्या. नागपूरच्या जुन्या मैत्रिणीला मी फोन करून सगळी गोष्ट रंगवून सांगितली, बोहनीसकट, आणि आम्ही दोघी या खेडवळ लोकांवर पोट धरून हसलो. समोरच्या ऑफिसावरून जाताना मी मुद्दाम मान ताठ करून जायची. तो बिचारा मालक मला नमस्कार करायचा. त्यातही मला लबाडीच दिसायची.

बाईंचे फोन चालूच होते. "माह्या गावचं काही?" "नाही, बाई." "बरं."

दिवाळीला दोन दिवस उरले तेव्हा मालकांनी मला ऑफिसात बोलावलं. तारखांची यादी पानावर टाकायची होती, आणि चिवडा खायला घालायचा होता. तालमीला सगळी मंडळी जमलेली. बाई कोपऱ्यात खुर्चीवर बसून ब्लाउजला हूक लावत होत्या. तेवढ्यात दारात एक म्हातारा येऊन थांबला. खांद्यावर दुपट्टा, हातात समोरच्या कंपनीची पावती. तो आधी पोस्टरकडे बघत राहिला, मग आमच्याकडे.

"का गा, तुमची कंपनी चालू हाये?"

"म्हंजे?" मालक म्हणाले. "बंद कवा होती?"

"आमाले तं वाटलं उठली." तो आत आला आणि बाईंना बघून थबकला. बाईही उभ्या राहिल्या. तो त्यांच्याच गावचा, मंडळाचा अध्यक्ष. बाईंनी वाकून नमस्कार केला. त्यानं डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "मायबाई, तू इथीच हायेस! आमाले तं कोणी सांगतलं, तू काम सोडलं म्हून."

मग त्यानं बसून, पाणी पिऊन जे सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहिते. त्यात माझी अक्कल घालायची हिंमत आता मला नाही.

"आमच्या गावात फोनले रेंज नाई. पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यायवर तेवढी लागते. तं सांजेले सारं मंडळ टाकीवर बसे. एकजणाले तुमची जाहिरात सापडली. त्यात ही. आमच्या गावची पोट्टी! मंग ज्यानं त्यानं आपापल्या फोनवर पाह्यली. दुसऱ्याच्या फोनवर पाहून कोणी नाटकाले हो म्हणते का? एकवीस जण हाओ आम्ही. रोज पाहो, रोज वाद घालो. घ्याव का नाई घ्याव."

"माहा भाऊ?" बाईंनी विचारलं.

"तो कायचा वाद घालते. तो तं तोंडातून शब्द नाई काढे. पण तो टाकीवर पयला येये अन् शेवटी जाये. तुहा फोटो उघडे अन् तसाच फोन हातात धरून घरी ने, मायले दाखवाले. टाकीखाली उतरला का रेंज जाते. फोटो राह्यला तं राह्यला, नाई तं अर्ध्या रस्त्यात बंद. मंग पुन्हा वापस, पुन्हा शोधे, पुन्हा बोट लावे. एका सांजेले पाच-पाच खेपा करे, बाप्पा! माय खाटेवरून म्हणे, अजून एकदा आण. अन् एक दिवशी मंडळात त्यानं हात वर केला. म्हणे, घ्या यंदा."

ऑर्गनवाल्यानं चिवड्याची मूठ तशीच धरली होती.

"मंग?" मालक म्हणाले.

"मंग का. दुसऱ्या दिवशी जाहिरात गायब. तिच्या जागी समोरच्याची. दोन दिवस पाह्यलं, चार दिवस पाह्यलं. माणसं म्हणाले, कंपनी उठली. मंडई तोंडावर आली, आम्ही समोरच्याले इसार देऊन टाकला."

मी विचारलं, "पण बाबा, तिथं नंबर होता ना! एकवीस जणांपैकी एकालाही एक फोन करता आला नाही?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मी काहीतरी आचरट बोलले असावे तसं. "फोन कायले करू? आम्ही का किराणा मांगून राह्यलो का? नाटक फोनवर घेते का कोणी? नारळ घेऊन यावं लागते. आम्ही दसऱ्यानंतरच्या सोमवारी येणारच होतो, टेम्पो सांगून ठेवला होता."

"पण तुमचं गाव मूल तालुक्यात आहे," मी म्हटलं. मला हे माहीत आहे की तेव्हाही मी स्वतःला वाचवायलाच बोलत होते. "ते क्लिक सिंदेवाहीचे होते."

"टावर सिंदेवाहीकडचा लागते," म्हातारा म्हणाला. "मूलचा कुठी लागते? मध्ये जंगल हाये."

या मुलखात गाव एका तालुक्यात, पोस्ट दुसऱ्यात आणि फोनची रेंज तिसऱ्यात, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. मी कुठल्या विलायतेत जन्मले होते? माझं माहेर नागभीडचं. आमच्याच घरच्या फोनला ब्रह्मपुरीचं नाव दाखवतं म्हणून मी माझ्या वडिलांची थट्टा करायची. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथं तर चोर नव्हताच. तो भाचा बिचारा दुकानात बसून काचा बदलत असेल.

"मी बंद केली," मी म्हटलं. "बाई, तुमच्या गावची जाहिरात मी बंद केली. मला वाटलं, कोणी मुद्दाम त्रास देतंय."

मालकांनी माझ्याकडे बघितलं. मला झापायचा त्यांना पूर्ण हक्क होता, आणि मी त्या माणसाच्या जागी असते तर सोडलं नसतं. पण ते म्हाताऱ्याकडे वळून म्हणाले, "बाबा, काही जमन का? इसार वापस घेऊन?"

"शब्द देला, भाऊ. गावाचा शब्द. यंदा झालं. पुढच्या वर्षी पाहू."

पुढच्या वर्षी हा शब्द ऐकून बाईंनी मान खाली घातली आणि हूक लावायला घेतला. सुई तीनदा चुकली. मी जवळ जाऊन बसले. वाटलं, ही आता मला चार शिव्या देईल. मला त्या पाहिजे होत्या. देता तरी आल्या असत्या तिला, स्टेजवर ती सासूला, सवतीला, जमीनदाराला अशा शिव्या देते की मागच्या रांगेतल्या बाया उठून उभ्या राहतात.

ती हळूच म्हणाली, "पाच-पाच खेपा करे म्हणतेत."

"बाई..."

"मी त्याले बावीस वर्षं शिव्या देल्या, मॅडम. मनातल्या मनात." मग सुई ठेवून म्हणाली, "ते पुन्हा चालू करून देता का? नाटक नको. नाटकाचं झालं. माय फोटो तं पाह्यन."

मालक मागून म्हणाले, "बाई, तिथून आता नारळ येत नाई, कायले..." आणि मध्येच थांबले. मग म्हणाले, "करा मॅडम. चालू करा."

घरी येऊन मी चपला काढायच्या आधी सिंदेवाही चालू केली. नुसती चालू नाही, दिवसाची सगळी रक्कम सहा ते आठ तिच्यावर लावली. कुठलाही शहाणा माणूस असं करणार नाही. सहा वाजता कॉम्प्युटरपुढे बसले. सव्वासहा, साडेसहा, सात. नवऱ्यानं जेवायला हाक मारली, मी उठले नाही. आठ वाजले. शून्य.

दुसऱ्या दिवशीही शून्य. तिसऱ्या दिवशीही. ज्या गावाचं नाटक ठरलं ते गाव आता नाटक कशाला शोधेल? एकवीस जण आता टाकीवर बसून ट्रॅक्टर बघत असतील, नाहीतर क्रिकेट. आणि तो भाऊ, त्यानंही चार दिवस शोधून पाहिलं असेल, सापडलं नाही, सोडून दिलं असेल. त्याला जाऊन कोण सांगणार की पुन्हा बघ? बहिणीशी तो बोलत नाही. अध्यक्ष तिथून परस्पर मुलीकडे गेलेले, मंडईलाच परतणार.

चौथ्या दिवशी सकाळी दहाला बाईंचा फोन आला. पहिल्या प्रयोगाच्या गावाला जायला त्यांची गाडी निघाली होती. मागे ऑर्गनवाला कुणाशी तरी जागेवरून भांडत होता.

"मॅडम, आले का माह्या गावाहून?"

समोर पान उघडं होतं. शून्य.

"आले," मी म्हटलं.

"किती?"

"बारा."

मागे वळून तिनं सगळ्यांना गप्प केलं आणि फोन पुन्हा कानाला लावला.

"म्हंजे भाऊ खेपा करूनच राह्यला," ती म्हणाली.

"हाव, बाई," मी म्हटलं.

मंडई होईपर्यंत तिचा रोज फोन आला, आणि मी रोज तिला वेगळा आकडा सांगितला.